सतरा पावलं

पुंजाराम बडे कुणावर चिडला तर शिव्या देत नसे, नुसतं नाक मुरडायचा. आणि नाक मुरडायला त्याला कारणं लई होती. तीस वर्षं नगरच्या पाणी खात्यात व्हॉल्व्हमन म्हणून काढलेला माणूस. शहराच्या पोटात काय काय सडतंय ते त्यानं वाकून, उतरून, कोपरापर्यंत हात घालून बघितलेलं. वरून बघणाऱ्याला तेलघाणा चौक म्हणजे दुकानं, पाट्या, रिक्षा आणि हातगाड्या. पुंजारामला तो चौक म्हणजे गंजून पापुद्रे सुटलेल्या नळ्या, त्यांना खेटून वाहणारं गटार आणि चेंबरात फुगून तरंगणारा उंदीर.

सकाळी सहाला खांद्यावर लांब लोखंडी चावी टाकायची आणि निघायचं. दोन दिवसाआड एकेका भागाला पाणी. चौकाला लागून चिमणगल्ली, तिथंच त्याचं स्वतःचं दोन खणाचं घर. गल्लीचा व्हॉल्व्ह उघडला की तो पहिल्या नळापाशी थांबायचा, ओंजळभर पाणी घ्यायचा, आधी हुंगायचा, मग पिऊन बघायचा. मगच पुढच्या गल्लीला. खात्यानं हे कुठं लिहून दिलेलं नव्हतं. त्याच्या आधीच्या व्हॉल्व्हमनची, काकासाहेबांची ती रीत होती.

काकासाहेबांनीच त्याला ह्या कामाला लावलं. पुंजारामचे आई-बाप पाथर्डीकडचे, दरसाल ऊसतोडीला जाणारे. पोरगं जन्मलं तेच कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या कोपीत. पंचविशी ओलांडल्यावर त्यानं कोयता धरायला साफ नकार दिला आणि नगरला पाइपलाइनच्या चराची खोदाई करायला आला. चरात उतरलेल्या दहा गड्यांत फक्त ह्यानं एका जागी नाक मुरडून सांगितलं, "हितं गटार फुटलंय." बाकीच्यांना काही वास येईना. खोदलं तर खरंच फुटलेलं. काकासाहेब म्हणाले, "ह्या नाकाची मला गरज हाय," आणि त्याला आपल्या हाताखाली घेतलं.

काकासाहेब अंगठेबहाद्दर. नकाशा म्हणजे त्यांच्या दृष्टीनं भिंतीवरची शोभा. सगळं शहर त्यांना पावलात पाठ. तालमीच्या दारापासून मावळतीला नऊ पावलं, तिथं चेंबर. तेलघाण्याच्या भिंतीच्या कोपऱ्यापासून रस्त्यानं उगवतीला सतरा पावलं, तिथं मोठी लाइन रस्ता ओलांडते, आणि तिला हातभर खेटून जुनं विटांचं गटार. आता काकासाहेब होते सहा फुटी गडी आणि पुंजाराम बुटका. त्यांची पावलं बरोबर भरायला ह्याला टांगा फेकत चालावं लागे. गल्लीतल्या बाया हसायच्या, "बगळा निघाला बघ मासं शोधायला." पुंजाराम हसू देई. पाऊल चुकलं की फावडं भलत्या जागी पडतं, हे त्याला ठाऊक होतं.

शहरात एक उड्डाणपूल आधी झालाच होता. आता दुसरा ठरला, तो नेमका तेलघाणा चौकाच्या डोक्यावरून. खाली माणसाला माणूस घासतंय, म्हणून गाड्यांनी वरून जायचं.

पुलाच्या बैठकीला पुंजारामला बोलावलं ते खुर्चीवर बसायला नव्हे. खात्याचे वाबळे साहेब म्हणाले, काही विचारलं तर सांगायला असू दे एक जण. तो दारापाशी चावी टेकवून उभा राहिला. आत गारेगार हवा, काजू-बिस्किटांच्या ताटल्या, भिंतीवर पडदा. पडद्यावर रस्ता हिरवा, पुलाचे खांब तांबड्या ठिपक्यांचे आणि पाण्याची लाइन निळी, सुतात ओढल्यागत सरळ. ती रेघ चौकातल्या तालमीच्या इमारतीतून आरपार गेलेली. पुंजारामला राहवेना.

"सायेब, लाइन तालमीतल्या पैलवानाच्या पोटातून गेली व्हय?"

दोघं-तिघं हसले. वाबळे साहेबांनी असं बघितलं, की ह्याला आत घेतला ते चुकलंच. पण पुलाचा आराखडा करणाऱ्या कंपनीची एक इंजिनीअर बाई तिथं होती. दिपाली तिचं नाव, तिशीची, पुण्याची, इंग्रजी शाळेत शिकलेली. ती हसली नाही. बैठक सुटल्यावर दारापाशी येऊन म्हणाली, "काका, तुम्ही मला जागेवर दाखवाल का लाइन कुठून जाते ते?"

तीस वर्षांत असं त्याला कुणी पुसलं नव्हतं. पुंजाराम मनातून फुलला. ते फुलणं आठवून पुढं त्याला स्वतःचीच शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी भर अकरा वाजता दोघं चौकात. बाजाराचा दिवस, पाऊल टाकायला जागा नाही. दिपाली तेलघाण्याच्या भिंतीच्या कोपऱ्याला पाठ लावून उभी, हातात पाटीसारखा मोठा मोबाईल. पुंजाराम टांगा फेकत निघाला. एक, दोन, तीन. रिक्षावाला ओरडला, "ओ मामा, कवायत करायलाय का?" दहाव्या पावलाला मधी एसटी आली. सतरावं पाऊल पडलं ते थेट भज्याच्या हातगाडीपाशी. गाडीवाल्याला म्हणाला, "जरा सरक, खूण करायचीय." तो म्हणाला, "कढई तापलीय, सरकत न्हाई. तूच सरक." दिपालीला एसटीच्या आडून काहीच दिसत नव्हतं. पुंजारामनं तिथूनच बोंब ठोकली.

"सतराऽ पावलं! हितंच लाइन, आन् हितंच गटार!"

"सतरा?"

"सतरा!"

तिनं इंग्रजीत काहीतरी टिपलं. परत येईतो एसटी हलली होती. तिनं मोबाईल पुढं केला, "काका, इथं बोटानं सही करा." पुंजारामनं धोतराला बोट पुसून काचेवर सही केली. बाईनं चहा पाजला. चहा बरा होता.

महिन्याभरानं पुतणीच्या लग्नाला तो पाथर्डीकडं गावी गेला. आठवड्यानं परत येतो तर चौकाचा चेहरा फिरलेला. रस्त्याच्या मधोमध माणसाहून उंच निळे पत्रे ठोकलेले, आत काय चाललंय ते दिसायची सोय नाही. दोन्ही अंगांनी उरलेल्या बोळातून माणसं, स्कूटरी, शाळेच्या रिक्षा एकमेकांच्या अंगावर चढत निघालेल्या. पत्र्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, ‘आजचा त्रास, उद्याचा विकास’. त्याच्याच खाली माणसं मुतत होती.

आत खांबांच्या पायासाठी भोकं पाडणारं प्रचंड यंत्र उभं होतं. चौकातली माणसं त्याला गिरमिट म्हणायची. सुताराचं गिरमिट लाकडाला भोक पाडतं, हे रस्त्याला पाडायचं. पुंजाराम पत्र्यांच्या फटीत डोळा लावून बघायला गेला तर वॉचमननं हटकलं.

"ए, काय पायजे?"

"पानी खात्याचा हाय मी. खांब कुठं घेताय तेवढं बघू दे."

"पास आहे का?"

"आरं, ह्या रस्त्याच्या खाली काय हाय ते मला म्हाईत हाय, तुला न्हाई."

"मग खालून ये," वॉचमन म्हणाला आणि दात कोरायला लागला.

ते शुक्रवारी. शनिवारी दुपारी गिरमिट चालता चालता एकदम कण्हलं आणि थांबलं. पत्र्यांच्या बुडातून चिखल पाझरायला लागला. पुंजाराम पळत गेला. वॉचमन म्हणाला, बोअरचं पाणी आहे, जा. संध्याकाळपर्यंत आत काहीतरी ठोकाठोक चालली होती. मग गिरमिट पुन्हा सुरू झालं.

रविवारी चिमणगल्लीच्या पाण्याची पाळी. सहाला व्हॉल्व्ह फिरवला तर नेहमीचा दाब नाही. घरोघरी नळ सुटले होते, हंडे लागले होते. पुंजारामनं पहिल्या नळाखाली ओंजळ धरली. हुंगायचं राहिलं, दाबाच्या विचारात थेट तोंडात घेतलं.

सगळी गल्ली सांगते, की तो माणूस तिथंच बसला आणि पोटातलं आदल्या रात्रीचं सुद्धा भाईर काढलं. गटाराचा वास त्याच्या ओळखीचा होता, पण आजवर नाकाच्या वाटेनं. आज तो जिभेवर बसला होता. तसाच उठून, धडपडत जाऊन त्यानं व्हॉल्व्ह बंद केला. पण वीस मिनिटं गेली होती. अर्ध्या गल्लीनं भरून घेतलं होतं, आणि अंधुक उजेडात हंड्यातलं पाणी काळं की पांढरं कोण बघतंय.

साडेआठला शेजारची साळूबाई कळशी घेऊन दारात आली. साळूबाई म्हणजे गल्लीचं तोंड. तिनं कळशी पुंजारामच्या नाकापाशी नेली.

"पुंजाभाऊ, घ्या. तुमीच सोडलंय, तुमीच प्या."

"वयनी, लांब धरा."

"कामून? आमी पोटात घालायचं आन् तुमी नाकाला बी लावायचं न्हाई?"

"म्या तुमच्या आधी पेलोय वयनी."

"मंग सोडलं कामून?"

झुंबरबाई, त्याची बायको, आतून म्हणाली, "साळूबाई, तेंला वरडू नका, सकाळपून तीनदा वकलेत." साळूबाईनं कळशी दारातल्या मोरीत पालथी केली. काळपट पाणी, त्यात केसांचा गुंता आणि गटारातला बुळबुळीत चोथा. तिघंही तोंडं फिरवून उभे राहिले.

सोमवारी गल्लीतली एकोणीस माणसं दवाखान्यात गेली. साळूबाईचा नवरा गोरक्ष सलाईनवर. त्या दिवशी पुंजारामनं वॉचमनला हातानं बाजूला केला आणि पत्र्यांच्या आत शिरला. आत वाबळे साहेब होते, रुमालानं नाक दाबून. दिपाली होती. जमिनीत गडी उभा मावेल एवढं गोल भोक, कडेला सळईचा पिंजरा आडवा, आणि भोकाच्या अंगाला खोदलेल्या खड्ड्यात फुटक्या लाइनीवर सायकलची ट्यूब, पोतं आणि तार गुंडाळलेली. वर चिखल लोटलेला. शेजारी फुटकं विटांचं गटार मोकाट वाहत होतं आणि पोत्याच्या भगदाडातून लाइनीत जात होतं.

"ही दुरुस्ती हाय व्हय?" पुंजाराम म्हणाला. "मेलेल्या म्हशीला टाका घातलाय ह्यो."

"काका," दिपाली म्हणाली, "लाइन इथं असायलाच नको होती. तुम्हीच जागा दाखवली होती. सही आहे तुमची." तिनं मोबाईलवरचा कागद पुढं धरला. "तेलघाण्याच्या कोपऱ्यापासून सतरा."

"सतरा काय?"

"फूट."

"म्या फूट म्हणलो?"

"तुम्ही पाऊल म्हणालात." ती गोंधळली. "पाऊल म्हणजे फूटच ना?"

पुंजारामनं वहाणेसकट आपला चिखलाचा पाय उचलून दाखवला.

"बाई, पाऊल म्हंजे चालताना एका पायापून दुसऱ्या पायापातूर. पाऊल म्हंजे फूट असंल, तर हेला काय म्हन्ता? इंच?"

दिपालीनं टेप मागवला. पुंजाराम कोपऱ्यापासून टांगा फेकत निघाला, ती टेप धरून मागं. सतरावं पाऊल भोकाच्या काठावर पडलं. टेपवर साडेबेचाळीस फूट. तिचं तोंड उतरलं. ती खाली बघूनच बोलली.

"काका, आराखड्यात हा खांब आधी अठरा फुटांवर होता. तुमची लाइन सतरा फुटांवर आहे असं समजून आम्ही खांब हलवला. इथं आणला."

"म्हंजे मला काईच पुसलं नसतं तर?"

"तर लाइन वाचली असती."

तीस वर्षांत एकदा कुणी त्याला विचारलं, आणि त्यानं सांगितलं तेच नेमकं आपल्या गल्लीच्या नरड्यात गेलं.

वाबळे साहेब रुमालाआडून म्हणाले, "झालं ते झालं. आता हे उघडायचं, लाइनचा तुकडा बदलायचा म्हणजे दोन दिवस काम बंद. गुरुवारी मंत्री येतायत पुलाचा नारळ फोडायला. चौकातच मांडव आहे. शुक्रवारी बघू."

"आन् बुधवारचं पानी?"

"सोडायचं. ब्लीचिंग पावडर जास्त टाकू."

"सायेब, गुवावर पावडर टाकली तर त्याचा पेढा व्हत न्हाई."

"तोंड सांभाळ. पाणी बंद ठेवलं की पेपरवाले येतात. पाणी आलं की कुणी येत नाही." साहेब जवळ आले, पण फार जवळ नाही. "आणि ऐक. सही तुझी आहे. गप राहिलास तर जुनी लाइन आपोआप फुटली. नाही राहिलास तर व्हॉल्व्हमननं चुकीची माहिती दिली. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलीत ना तुझी?"

"सर, चूक माझी आहे," दिपाली म्हणाली.

"मॅडम, तुमच्याकडून चूक होते का, ते आधी तुमच्या कंपनीला विचारा."

मंगळवारी पुंजाराम कचेरीत गेला आणि चावी साहेबांच्या टेबलावर आडवी ठेवली. काच तडकली. "मी सोडनार न्हाई," एवढंच म्हणाला. त्या कचेरीत साधा रजेचा अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला महिना घेतो. निलंबनाचा कागद अर्ध्या तासात आला, शिक्क्यासकट. शाई ओली होती, हाताला लागली.

दुपारी सावेडीकडचा व्हॉल्व्हमन बजरंग घरी आला. दोघं बरोबरीनं खात्यात चिकटलेले. तो दारातच उभा राहिला, आत येईना.

"पुंजाभाऊ, उद्याला तुजी पाळी मला दिलीय. माजा विलाज न्हाई. पोरगी शिकायलीय माजी."

"ये की आत. झुंबरे, च्या टाक. टँकरच्या पान्याचा टाक बरं."

"तू रागवला न्हाईस?"

"तुज्यावर कामून रागवू? साडेसहाला सोडायला सांगितलंय न्हवं?"

"व्हय. दोन तास."

"मंग बरूबर साडेसहाला सोड. आन् फुल सोड. अर्धा आटा ठिवू नको. सायबानं सांगितलंय तसं सगळं कर."

बजरंगनं त्याच्याकडं नीट बघितलं आणि चहा पिऊन गेला.

तो गेल्यावर पुंजाराम साळूबाईच्या दारात गेला. ती दवाखान्यातून नुकतीच आलेली, डोळे तांबारलेले.

"वयनी, उद्या पानी येनाराय."

"तेच?"

"तेच. लाइन उघडनार न्हाईत शुकीरवारपातूर, मंत्री हाय म्हून. कुनी हंडा लावू नका. पर नळ बी बंद ठिवू नका. नळाला नळ्या लावा, त्या रस्त्यावर सोडा, आन् दोन तास सोडूनच ठिवा."

साळूबाईनं गल्लीकडं बघितलं. चिमणगल्लीचा उतार सरळ चौकात जातो, हे तिला सांगायची गरज नव्हती. दरसाल पावसाळ्यात तिच्या दारातलं सगळं चौकातच जायचं. आणि चौकात पत्रे सरकवून मांडव उभा राहिला होता. लाल गालिचा अंथरला होता, खुर्च्यांना पांढरे झगे घातले होते.

"गल्लीला मी सांगते," ती म्हणाली. "तुमी घरात बसा. तुमी सांगितलं आसं व्हयाला नको. बजरंगभाऊ सोडनार, नळ आमचे. तुमचा काय संमंध?"

बुधवारी साडेसहाला बजरंगनं व्हॉल्व्ह फिरवला. फुल. एकशे दहा घरांचे नळ आणि पावडरचा असा दर्प, की डोळ्यांना पाणी यावं. पण पावडरच्या खालून मूळचा वास हलला नव्हता. उलट दोन्ही मिसळून तिसराच काहीतरी तयार झाला, ज्याला पुंजारामपाशी सुद्धा नाव नव्हतं. नळ्यांमधून आधी करडं, मग काळं, मग जाडसर असं रस्त्यावर आलं. उंबऱ्यांना खेटून, गल्लीच्या मधल्या घळीतून ते खाली निघालं. बाया पायऱ्यांवर पदर नाकाला लावून उभ्या. साळूबाई हातातला खराटा वाटेत अडकलेल्या घाणीला लावून पुढं लोटत होती.

"चला, सरका, मंत्र्याला उशीर व्हतोय."

सातला ते चौकात पोचलं. गालिच्यानं आधी ते पिऊन घेतलं, मग त्याचं पोट भरलं आणि ते वर आलं. झग्यांच्या पांढऱ्या कडा घोट्यापर्यंत काळ्या पडल्या. मांडववाला पळत आला, पाय घसरून बसला आणि बसल्या जागेवरूनच ओरडला. भज्याच्या गाडीवाल्यानं त्या दिवशी कढई तापलेली असून सुद्धा गाडी सरकवली.

सव्वासातला मंत्र्यांची पुढची माणसं जागा बघायला आली. त्यांच्या मागोमाग वाबळे साहेब गाडीतून उतरले, ते थेट त्यातच. पांढरा बूट वर आला तो काळा. रुमाल गाडीत राहिला होता.

"बंद करा! बजरंग! बंद कर ते!"

बजरंग हात जोडून उभा. "सायेब, तुमीच म्हणला दोन तास. साडेआठला बंद करतो."

"आत्ता बंद कर!"

साळूबाई खराटा टेकवून म्हणाली, "कामून सायेब? पावडर टाकलीय की. धा मिन्टं थांबा, एकांदा गिलास भरून घ्या."

मंत्र्यांच्या माणसांतला एक जण तोंड दाबून भिंतीकडं गेला. दुसरा फोनवर बोलायला लागला, ‘साहेब इथं येऊ शकणार नाहीत, इथं उभं राहवत नाही’ एवढंच ऐकू आलं. वाबळे साहेबांनी फोनवरच्या त्या माणसाकडं, मांडवाकडं आणि आपल्या बुटाकडं बघितलं. नऊ वाजता गिरमिट बाजूला झालं आणि लाइन खोदायचं यंत्र आलं. शुक्रवारचं काम बुधवारी निघालं.

पण लाइन जुनी, बिडाची, तिचे सांधे कसे बसवलेत ते कुणाला कळेना. अकरा वाजता बजरंग दारात आला, आता मात्र आत येऊन बसला.

"सायेब म्हन्ले, पुंजारामला बोलवा."

"मी निलंबित हाय."

"ते बी म्हन्लो. तर म्हन्ले, तात्पुरतं."

झुंबरबाई म्हणाली, "जाऊ नका. तेंचं तेंनी चाटावं."

पुंजारामच्याही मनात तेच होतं. पण तो गेला नसता तर त्या लोकांनी पुन्हा एक पोतं गुंडाळलं असतं, आणि शनिवारी पुन्हा गल्लीची पाळी. तो धोतर खोचून खड्ड्यात उतरला. गटाराला वरच्या अंगाला बांध घातला होता तरी मांडीपर्यंत होतंच. त्यानं तार तोडली, ट्यूब सोडवली, पोतं ओढलं. पोतं येईना. लाइनीच्या तोंडात ते फुगून बसलं होतं. खांद्यापर्यंत हात आत घालून, गाल त्या चिखलाला टेकवून त्यानं ओढलं तेव्हा ते भसकन सुटलं आणि त्याच्यामागं अडकलेलं सगळं त्याच्या छातीवर आलं. केस, चिंध्या, एक अख्खी घूस. वरचे चार लोक मागं पळाले. पुंजाराम खड्ड्याच्या भिंतीला धरून ओकला, तोंड पुसायला अंगावर कोरडी जागा नव्हती, तसाच पुन्हा वाकला. दुपारी चारला लाइनीचा नवा तुकडा बसला. गटाराला वेगळी नळी टाकली. खांब कुठं घ्यायचा ते कंपनीनं ठरवायचं होतं.

तो वर आला तेव्हा दिपाली तिथंच होती. सकाळपासून उभी, पायजम्याला चिखल.

"काका, मी लिहून दिलं. फूट मी लिहिलं, तुम्ही पावलं सांगितली होती, असं. टेपचं मापसुद्धा लिहिलंय."

"कुनाला दिलं?"

"वाबळे सरांना. त्यांनी घडी घालून खिशात ठेवलं." ती थांबली. "मला उद्यापासून पुण्याच्या कचेरीत बोलावलंय."

पुंजारामला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. चूक करून उघड्यावर उभं राहणारं माणूस त्या पत्र्यांच्या आत त्याला दुसरं दिसलं नव्हतं. "बरं झालं," तो म्हणाला. "हितलं पानी पेऊ नका." आणि घराकडं निघाला. चौकातल्या गर्दीनं त्याला वाट दिली. इतकी मोकळी वाट त्या रस्त्यावर त्याला आजवर कुणी दिली नव्हती.

घरामागच्या फरशीवर झुंबरबाईनं त्याला अडवलं.

"हितंच थांबा. उंबऱ्यात पाय टाकू नका."

"आगं, शेजारपाजार बघतंय."

"आज लई बघितलंय तेंनी, एवढं बी बघू द्या. काढा ते."

टँकरच्या पाण्याच्या दोन बादल्या तिनं बाजूला ठेवल्या होत्या. लांबूनच तांब्या धरून ती डोक्यावर ओतायला लागली. पुंजाराम मांडी घालून बसला.

"निलंबन म्हंजे किती दिस?"

"कागदावर लिव्हलं न्हाई."

"आन् आता लाइन बसवून दिली ती?"

"ते बोलावनं तात्पुरतं."

"त्या पोरीनं लिहून दिलं म्हन्त्यात."

"सायबाच्या खिशात हाय."

"मंग बसा आता घरी." तिनं साबण फेकला. "कानामागं लावा. नखात बी."

त्यानं लावला. एक बादली संपली. दुसरी अर्धी झाली. त्यानं दंड नाकाशी नेला, हुंगला, आणि कळेना. दिवसभरात नाकच बधिर झालं होतं.

"आजून येतोय का गं?"

झुंबरबाई वाकली, त्याच्या मानेपाशी नाक नेलं आणि झटकन मागं झाली.

"येतोय," ती म्हणाली, आणि तिसऱ्या बादलीसाठी साळूबाईला हाक मारली.